कचरा जाळणाऱ्या यंत्रांचा बाजार आणि एक शिफारसपत्र

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस केलगेरीतील माझ्या दवाखान्यात एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांच्याबरोबर कोणी आजारी मूल नव्हते. हातात एक रंगीत माहितीपत्रक व हुबळीच्या एका घाऊक विक्रेत्याचे दरपत्रक होते. शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने स्वच्छतागृहांसाठी देणगी देऊ केली होती. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन जाळणारी विजेवरची छोटी यंत्रे भिंतीवर बसवावयाची, एकूण सात. सात घेतल्यास विक्रेता घाऊक भाव लावणार होता. बाई म्हणाल्या, ''डॉक्टर, देणगीदारांना तुमचे दोन ओळींचे पत्र हवे आहे. ही यंत्रे आरोग्याला निर्धोक आहेत, एवढेच.''

दोन ओळी लिहावयास दोन मिनिटे पुरेशी होती. मी मात्र त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. त्या थोड्या नाराज झाल्या असाव्यात. त्यांना कारण सांगितले नाही, ते येथे सांगतो. चोवीस वर्षांपूर्वी, २००१ साली, मी असेच दोन ओळींचे एक पत्र लिहिले होते.

त्या काळाची पार्श्वभूमी आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. दिल्लीतील अस्वच्छतेबाबत डॉ. बी. एल. वढेरा यांनी केलेल्या याचिकेवर १ मार्च १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि राजधानीतील पन्नास व त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी इन्सिनरेटर किंवा तितकीच परिणामकारक दुसरी व्यवस्था करावी, असा आदेश दिला. 'किंवा' या शब्दानंतरचा भाग पुष्कळांनी वाचलाच नाही. पुढे २० जुलै १९९८ रोजी जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. त्यांत मोठ्या शहरांना आधी व लहान गावांना नंतर अशी टप्प्याटप्प्याने मुदत ठेवली होती. आमच्यासारख्या शहरांतील पन्नास ते दोनशे खाटांच्या रुग्णालयांसाठी ती ३१ डिसेंबर २००१ रोजी संपत होती, तर पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यांसाठी २००२ च्या अखेरीस.

मुदत जवळ आली की बाजार जागा होतो. ज्या दुकानांतून आपण खाटा, सलाइनचे स्टँड, ऑटोक्लेव्ह आणि सक्शन मशीन घेत असू, त्याच दुकानांच्या पाटीवर एके दिवशी 'इन्सिनरेटर' हा शब्द रंगवला गेला. हुबळी ही आपल्या भागाची व्यापारपेठ. तेथून विक्रेत्यांचे प्रतिनिधी गदग, हावेरी, कारवारपर्यंत फिरत. यंत्र दुकानात नसेच. मागणी नोंदवली की कारखान्यातून ट्रकने माल निघे, कवच कोठल्याशा फॅब्रिकेटरने जोडलेले, आत अग्निरोधक विटांचे अस्तर, बर्नर व ब्लोअर तिसऱ्याच कंपनीचे, आणि दर्शनी भागावर वितरकाच्या नावाची पट्टी. या साखळीत प्रत्येकाचे कमिशन ठरलेले होते, मात्र भट्टी पेटल्यानंतर ती कोणत्या तापमानाला जळते आहे हे पाहण्याची जबाबदारी साखळीतील कोणावरही नव्हती. गंमत अशी की, सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात इन्सिनरेटर आणि बेकरीची भट्टी या दोन्ही वस्तू ८४१७ या एकाच शीर्षकाखाली येतात. आम्हीही तिच्याकडे पावाच्या भट्टीहून निराळ्या दृष्टीने पाहिले नाही.

दरपत्रकात मूळ यंत्राची किंमत वर, ठळक अक्षरांत असे. तीत पहिला कक्ष, दुसरा कक्ष, बर्नर इतकेच धरलेले. धुरांडे, धूर धुण्याचा वेट स्क्रबर, तापमान नोंदवणारे उपकरण ही सारी 'ऐच्छिक' म्हणून खाली, वेगवेगळ्या किमतींसह. पैसे वाचवावयाचे झाले की रुग्णालयाचे विश्वस्त याच खालच्या ओळींवर काट मारीत. ज्या वस्तूंमुळे शेजाऱ्यांचे रक्षण व्हावयाचे, त्या सर्व ऐच्छिक आणि ज्यामुळे निरीक्षकाला दाखवता येईल की यंत्र आहे, ती तेवढी अनिवार्य, असा तो मामला होता.

मी तेव्हा एम.डी. करून नुकताच धारवाडला परतलो होतो व एका रुग्णालयात मुलांचा वॉर्ड पाहत होतो. विश्वस्तांनी विचारले, तरुण डॉक्टर आहेत, नवे शिकून आले आहेत, यंत्र घ्यावे का? मी माहितीपत्रक वाचले. त्यात 'ज्वलन-कार्यक्षमता ९९ टक्के' असे छापलेले होते व एक आयएसओ प्रमाणपत्राचे चित्र होते. ९९ टक्के हा आकडा नियमांतच किमान म्हणून दिलेला आहे, तो त्या यंत्राने मोजून सिद्ध केलेला नाही, आणि आयएसओ ९००१ हे प्रमाणपत्र कारखान्याच्या कारभाराचे असते, धुराचे नव्हे, एवढे समजण्याइतके मी शिकून आलो नव्हतो. 'यंत्र आधुनिक असून रुग्ण व कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने उपयुक्त आहे' अशा आशयाचे पत्र मी लिहिले. त्याबद्दल मला काही मिळाले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण नववर्षाला विक्रेत्याकडून टेबलावरचे एक घड्याळ आले आणि ते मी ठेवून घेतले.

भट्टी रुग्णालयाच्या मागील अंगणात, कर्मचाऱ्यांच्या घरांपासून थोड्या अंतरावर बसली. नियम काय सांगत होता? पहिल्या कक्षात सुमारे ८०० अंश सेल्सियस, दुसऱ्यात सुमारे १०५० अंश, त्या उष्णतेत वायू किमान एक सेकंद राहिला पाहिजे, आणि धुरांड्याची उंची जमिनीपासून किमान ३० मीटर. तीस मीटर म्हणजे साधारण दहा मजली इमारत. आमचे धुरांडे गच्चीच्या कठड्याहून थोडेसे वर होते. डिझेल महाग म्हणून दुसरा बर्नर निरीक्षणाच्या दिवशीच पेटे. शिवाय लहान भट्टीचा एक अंगभूत दोष असतो, जो कोणताही विक्रेता सांगत नाही: ती दिवसातून तास-दोन तासच चालते, थंड असताना भरली जाते, आणि हवे ते तापमान गाठेपर्यंत आतला निम्मा कचरा काळ्या धुराच्या रूपाने निघून गेलेला असतो. वारेने ओला झालेला कापूस, रक्ताळलेली बँडेजे हे सहज जळणारे पदार्थ नव्हेत. दिल्लीला तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या यंत्रसामग्रीवर शहरी कचरा जाळून वीज निर्माण करण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला होता. आपल्या ओल्या, मातकट कचऱ्यात पुरेशी उष्णताच नसल्यामुळे तो लवकरच बंद पडला. यंत्र विकत आणता येते, कचरा मात्र ज्याचा त्याचाच असतो.

मग वॉर्डबॉयने त्यावर उपाय काढला. ओला कचरा पेट घेत नाही तर त्यात प्लॅस्टिक घालावे, भडका उत्तम उठतो. सलाइनच्या बाटल्या, आयव्ही सेट, लघवीच्या पिशव्या, हातमोजे सारे आत जाऊ लागले. नियमांनी क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जाळण्यास १९९८ पासूनच स्पष्ट मनाई केली होती. सिरिंज पॉलिप्रॉपिलिनची असते, ती वेगळी. परंतु ड्रिपच्या नळ्या, रक्ताच्या व लघवीच्या पिशव्या प्रामुख्याने पीव्हीसीच्या, आणि पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. असा वायू अर्धवट जळून थंड होऊ लागला की साधारण २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान डायॉक्सिन व फ्युरान या गटातील संयुगे तयार होतात. त्यांतील सर्वांत विषारी संयुगाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवाला निश्चित कर्करोगकारक ठरवले. ही द्रव्ये चरबीत साठतात, शरीरातून निम्मी जावयास सात ते अकरा वर्षे लागतात, आणि शरीराबाहेर पडण्याचा एक मार्ग मातेच्या दुधातून जातो. बालरोगतज्ज्ञाने हे लिहिताना एक गोष्ट लगेच जोडली पाहिजे: यामुळे स्तनपानाचा सल्ला तसूभरही बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटना १९८७ पासून मातेच्या दुधातील या द्रव्यांची पाहणी करीत आली आहे. युरोपात भट्ट्यांवर व कारखान्यांवर निर्बंध आल्यावर हे प्रमाण घटत गेले. म्हणजे दूध थांबवावयाचे नसते, धूर थांबवावयाचा असतो.

आणखी एक कालक्रम मला फार उशिरा कळला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९४ च्या मसुद्यात रुग्णालयांच्या भट्ट्यांना डायॉक्सिनच्या प्रमुख ज्ञात उगमांत गणले. १९९७ मध्ये तेथे कडक नियम आले आणि दोन हजारांहून अधिक भट्ट्यांपैकी बहुतेक पुढील काही वर्षांत बंद झाल्या. नियम पाळण्याच्या खर्चापेक्षा ऑटोक्लेव्ह स्वस्त पडत होता. ज्या वर्षांत तिकडे धुरांडी उतरत होती, नेमक्या त्याच वर्षांत आमच्याकडे प्रतिनिधी 'परदेशी तंत्रज्ञान' म्हणून ती विकत होते.

तरीही, मला त्या पत्राची आठवण डायॉक्सिनमुळे होत नाही. ती होते एका सहा-सात वर्षांच्या मुलामुळे.

भट्टीतील राख अंगणाच्या कडेला, ओढ्याच्या काठी टाकली जात असे. अर्धवट तापलेल्या भट्टीत सुया वितळत नाहीत. प्लॅस्टिकचे टोक जळून जाते आणि पोलादी सुई राखेत राहते, ती दिसतही नाही. भंगार वेचणाऱ्या एका कुटुंबातील मुलगा अनवाणी त्या राखेतून चालला. त्याच्या आईने त्याला आमच्याच बाह्यरुग्ण विभागात आणले. तळव्यात आडवी रुतलेली बारीक सुई मी चिमट्याने काढली. ''सूजी, सूजी'' म्हणून तो रडत होता. सुई कोणती हे मला पाहताक्षणी ओळखता आले. मुलांच्या वॉर्डात आम्ही तीच वापरीत असू. धनुर्वाताचे इंजेक्शन, हिपॅटायटिस बी ची लस, आणि त्याची इम्युनोग्लोब्युलिन, जी हुबळीहून मागवावी लागली. तिचा खर्च रुग्णालयाने केला, पण कशामुळे करावा लागला याची नोंद कोठेही झाली नाही. लसीच्या दुसऱ्या मात्रेला तो आला. सहा महिन्यांनी, तिसऱ्या मात्रेच्या वेळी ते कुटुंब त्या वस्तीत नव्हते. पुढे काय झाले ते मला माहीत नाही.

भट्टी त्यानंतर लगेच बंद झाली असे मात्र नाही. ती आणखी दीडएक वर्ष चालली व पुढे बर्नर नादुरुस्त झाला म्हणून थांबली. विक्रेत्याने दूरध्वनी उचलणे सोडले होते. तोवर सामाईक केंद्रांची कल्पना रुजू लागली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००३ मध्ये त्यांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आज आपल्या दोन्ही शहरांतील पिवळ्या पिशव्या गाडीने सामाईक केंद्रात जातात, आणि २०१६ च्या नियमांनुसार ७५ किलोमीटरच्या आत असे केंद्र असताना रुग्णालयाला स्वतःची भट्टी चालवता येत नाही. त्याच नियमांनी दुसऱ्या कक्षातील वायूचा काळ एकाऐवजी दोन सेकंद केला आणि डायॉक्सिनची मर्यादा प्रथमच घातली.

केंद्र सामाईक झाले म्हणून धूर नाहीसा होत नाही, हेही खरे. मुंबईत गोवंडीच्या रहिवाशांनी देवनार येथील केंद्राविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रार केली. अखेर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवण्यास सांगितले. केरळात मात्र एक वेगळा प्रयोग झाला, जो आपल्यासारख्या मंडळाने समजून घ्यावा असा आहे. तेथील इंडियन मेडिकल असोसिएशनच्या डॉक्टरांनी 'इमेज' नावाची स्वतःची व्यवस्था काढून पालक्काडजवळ २००३ च्या अखेरीस केंद्र सुरू केले. यंत्र विकत घेणारे, कचरा निर्माण करणारे आणि उत्तर देणारे एकच. पुढे त्यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पालोडे येथे दुसरे केंद्र योजले, तेव्हा त्यांनाही स्थानिक लोकांचा कडवा विरोध सोसावा लागला. विरोध करणाऱ्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. मोठी भट्टी निदान मोजता येते, तपासता येते, तिच्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. अंगणोअंगणी पसरलेल्या शंभर छोट्या भट्ट्यांचे काय मोजणार?

आणि भिंतीवर टांगलेल्या सात भट्ट्यांचे?

मी त्या आठ दिवसांत बाईंनी दिलेले माहितीपत्रक पुन्हा पुन्हा वाचले. आता डिझेल नाही, वीज आहे. कागद अधिक गुळगुळीत आहे. 'धूरविरहित' व 'पर्यावरणस्नेही' हे शब्द आहेत. आयएसओचे चित्र तेच आहे. मी विक्रेत्याला दूरध्वनी करून चार प्रश्न विचारले: आतील तापमान किती आणि ते कोठे दिसते, बाहेर पडणाऱ्या वायूची तपासणी कोणत्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने केली, नळीचे तोंड कोठे उघडते, राख कोण उचलतो. तापमान 'पुरेसे' होते. वायूच्या तपासणीऐवजी विजेचा धक्का बसणार नाही याचे प्रमाणपत्र आले. नळीबद्दल 'खिडकीबाहेर' असे उत्तर मिळाले. शाळेत जाऊन पाहिले तर ती खिडकी आठवीच्या वर्गाच्या ओसरीवर उघडत होती. आजच्या नॅपकिनमध्ये निव्वळ कापूस नसतो; वर-खाली प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आणि आत पाणी धरून ठेवणारे पॉलिमर असते. ओल्या अवस्थेत, विजेच्या तारेच्या उष्णतेवर ते जळत नाही, धुमसते. विक्रेता सभ्य गृहस्थ होता. शेवटी तो म्हणाला, ''डॉक्टरसाहेब, इतके प्रश्न आजवर कोणी विचारले नाहीत.'' ते खरेच असावे.

बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ''नको म्हणणे सोपे आहे, डॉक्टर. मुलींनी काय करायचे ते सांगा.''

या प्रश्नापुढे माझी सारी रसायनविद्या थिटी पडली. कर्नाटक शासनाने 'शुची' योजनेतून किशोरवयीन मुलींना मोफत नॅपकिन देण्यास सुरुवात केली, दुकानांतही ते सुलभ झाले, ही माझ्या मते आपल्या भागातील मुलींच्या आरोग्यातील मोठी सुधारणा आहे. ते वापरल्यानंतर कोठे जावे, याचा विचार मात्र मागे राहिला. शाळेत सोय नसल्याने मुली ते दप्तरात घालून घरी नेतात, काही शौचकूपात टाकतात व नळ तुंबतात, काही केलगेरीच्या तळ्याच्या वाटेवर झुडपांत फेकतात. तुंबलेला नळ शाळेची आया हाताने साफ करते. 'त्या दिवसांत' शाळा बुडवणाऱ्या मुलींची नावे बाईंना पाठ आहेत. त्यांना यंत्राचा मोह का पडला हे मला त्या क्षणी समजले. बटण दाबताच लाजेची वस्तू नाहीशी होते, हे त्या यंत्राचे खरे आकर्षण आहे, आणि रुग्णालयाच्या भट्टीचेही तेच होते. साबरकांठा जिल्ह्यात मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी ची साथ येऊन अनेकांचे प्राण गेले, तेव्हा आपल्यातील कित्येकजण म्हणाले होते की सारे जाळूनच टाकलेले बरे. जाळले की प्रश्न संपला, असे आपल्याला वाटावयास आवडते.

पुण्याच्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. उघडे नॅपकिन हाताळावे लागणाऱ्या या स्त्रियांनी २०१३ मध्ये ते गोळा करून उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले. वर्तमानपत्राच्या कागदाच्या पिशव्याही त्यांनी तयार केल्या. बंगळूरमध्ये नागरिकांनी कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची पद्धत रुजवली, म्हणजे उचलणाऱ्या माणसाला न उघडता कळावे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी नॅपकिनबरोबर गुंडाळण्याची पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. किती पाकिटांत ती सापडते, हे वाचक भगिनींनी स्वतः पाहावे.

शेवटी मी बाईंना पत्र दिले. ते दोन ओळींचे झाले नाही, दीड पानाचे झाले. यंत्रे निर्धोक आहेत असे मी लिहू शकत नाही, हे पहिल्याच वाक्यात आहे. पुढे असे आहे की, देणगीच्या रकमेतून प्रत्येक स्वच्छतागृहात पायाने उघडणारी झाकणाची बादली, जुन्या वर्तमानपत्रांची चळत, नळाला अखंड पाणी व साबण, आयाबाईंसाठी जाड हातमोजे आणि हिपॅटायटिस बी ची लस द्यावी, आणि गोळा झालेला कचरा रोज वेगळा उचलला जाईल अशी व्यवस्था पालिकेशी व सामाईक केंद्राशी बोलून करावी. आठवी ते दहावीच्या मुलींशी आपल्या मंडळातील दोन स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनी बोलतील असेही मी त्यांना न विचारता लिहून टाकले. त्यांनी नंतर मोठ्या मनाने होकार दिला.

एक व्यावहारिक अडचण बाईंनी हळूच सांगितली. देणगीदारांच्या आईच्या नावाची पितळी पाटी यंत्रांवर लावावयाची होती. बादलीवर आईचे नाव कसे लावावे? मी पाण्याच्या टाकीची सूचना केली आहे.

आयाबाईंना लसीची पहिली मात्रा गेल्या महिन्यात माझ्याच दवाखान्यात दिली. रोजच्या गाडीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. त्यासाठी मंडळाच्या दोन पदाधिकाऱ्यांसह पुढील आठवड्यात पालिकेत जावयाचे ठरले आहे. देणगीदारांचे उत्तर यावयाचे आहे. विक्रेत्याचे आले: सातऐवजी दहा घेतल्यास दर आणखी उतरवता येईल.